अर्धी ओळ तुझी, अर्धी माझी

बाई,

आज सकाळी मोठ्या बांधीत धानाचा रोवणा लागला आणि बायांनी तुझ्या जागेवर मला उभं केलं. धुऱ्याच्या बांधाला लागून, ओळीच्या पहिल्या टोकाला, जिथून गाणं सुरू होतं. तुझी तेरवी होऊन फार दिवस झाले नाहीत. तुझा पितळेचा गडू अजून कोणी जागचा हलवलेला नाही आणि भाऊजी जेवताना अजून दाराकडे पाहतात. पण रोपांचा पऱ्हा हातभर वाढला की तो कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. धान लावावंच लागतं, आणि लावायचं तर गाणं म्हणावंच लागतं.

गाणं कसं म्हणायचं यावरून आपलं भांडण झालं होतं. तू एक म्हणालीस, मी दुसरं म्हणाले, आणि भांडण निकाली निघायच्या आत तू निघून गेलीस. ही तुझी जुनीच खोड. शेवटचा शब्द आपला टाकायचा आणि पदर खोचून उठून जायचं. या वेळी मात्र तू फार लांब गेलीस, तिथवर माझा आवाज पोचत नाही, म्हणून हे लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिवून का भात शिजते वो?" नाही शिजत. पण मला शाळेत पाठवणारी तूच. माहेरी कामठ्याला माय बांधीत जायची, घरात लहान भावंडं, दोघींपैकी एकीला घरी राहणं भाग होतं, आणि तू बाबांना म्हणालीस, "मी राहतो घरी. हिले जाऊ द्या, हिचं तोंड तसंही घरात मावत नाही." मी चौथी शिकले ती अशी. तेव्हा आता ऐकून घे.

आपण दोघी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावाही. तू या गावात आधी आलीस, मग धाकट्या दिरासाठी मला आणलंस. सासूबाईंना जन्मभर वाटत राहिलं की ती सोयरीक त्यांनी जमवली. ज्या भाऊजींच्या धोतरावर मी होळीत पळसफुलांचा रंग ओतला होता, ते आता माझे जेठ, थोरले दीर झाले. पुढच्या वर्षी त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर ओढून मला ताट वाढावं लागलं, आणि तू चुलीपाशी तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होतीस. किती हसायचीस तू! त्या वेळी हसायला तुला काही मोजावं लागत नव्हतं. मी आले तेव्हा तुला दमा नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण आजच्या पोरींना वाटतं तू दम्यासकटच जन्मली होतीस.

तो आला पौषात, खळ्यावर. धान चुरणं चाललं होतं, बैल गोल फिरत होते, आणि तू सूप डोक्यावर धरून वाऱ्याला धान देत होतीस. तुझं दुसरं लेकरू तेव्हा नुकतं रांगायला लागलं होतं. तू आधी शिंकलीस, मग खोकलीस, मग सूप खाली ठेवून खळ्याच्या कडेला बसलीस. मला वाटलं भुसा घशात गेला. जवळ आले तर तुझ्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू आली, लांब गोंदियाकडे गाडी जाते तशी. मी घाबरून मागे पाहिलं, खरंच गाडी आली का म्हणून. तुझे खांदे वर जात होते आणि श्वास आत जाण्यापेक्षा बाहेर यायलाच जास्त अडत होता. सासूबाई धावत आल्या, म्हणाल्या नजर लागली. त्यांनी मूठभर मीठ-मिरच्या तुझ्यावरून ओवाळल्या आणि तुझ्या पुढ्यातच विस्तवावर टाकल्या. दम लागलेल्या बाईला मिरच्यांची धुरी! तू वाकून वाकून खोकलीस, डोळे पांढरे झाले, आणि सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "पाहा, केवढी नजर होती!"

दुसऱ्या दिवशी मात्र तू डोक्यावर घडा, कमरेवर घागर घेऊन तलावाची पाळ चढत होतीस, जसं काही झालंच नव्हतं. तरुणपणचा तुझा दमा असाच होता. येईल तेव्हा जीव घेऊन जाईल असा यायचा, आणि गेला की मागे काही ठेवायचा नाही. खळी लागली की यायचा, होळी जळली की जायचा. बाकीचं वर्ष तू धडधाकट. शेजारणी विचारायच्या, "दमा कसा आहे सगुणाबाई?" तू म्हणायचीस, "पाहुना हाये तो. चुरना खायले येते अना जाते आपल्या गावाले." आम्ही सगळे त्यावर विसंबलो. जाणारा पाहुणा म्हणून कोणी त्याची फार काळजीही केली नाही.

औषधं काय कमी झाली? अडुळशाचा काढा, आल्याचा रस, छातीला तेल. मग एका वैदूनं सांगितलं, धोतऱ्याची वाळलेली पानं बिडीसारखी ओढायची. तेंदूपानात धोतरा भरून मी तुला बिड्या वळून द्यायची. सासूबाई स्वतः दिवसाला बंडल ओढायच्या, पण सुनेच्या हातात बिडी पाहून त्यांनी डोक्याला हात लावला. तुला त्याचा गुण यायचा, छाती सुटायची, हे मात्र खरं. मग एका संध्याकाळी तू घाईत एकीवर एक ओढत गेलीस. तोंड कोरडं पडलं, डोळ्यांची बुबुळं मोठी झाली, हवेत नसलेले धागे वेचायला लागलीस. ओसरीवर सासरे बसलेले, गावातली दोन मोठी माणसं बसलेली. अन् तू उंबऱ्यात उभी राहून भाऊजींना नावानं हाक मारलीस. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, पुढे कधी ज्याचा उच्चार केला नाहीस त्या नावानं. "ए सोमा! गोऱ्हा सुटला ना तो, बांध त्याले! कायले बसून राहिला?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. आणि भाऊजी मुकाट्यानं उठले, गोठ्यात गेले. मी मागच्या दारातून पाहत होते. गोऱ्हा बांधलेलाच होता. त्यांनी तो सोडला आणि पुन्हा बांधला.

दुसऱ्या दिवशी तुला काही आठवत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तू लाजेनं दिवसभर कोठीतून बाहेर आली नाहीस. आता तू नाहीस म्हणून सांगून टाकते. भाऊजींना ते आवडलं होतं. पुढे कधी घरात तुझ्या बोलण्याचा विषय निघाला की ते मिशीत हसायचे आणि गोठ्याकडे पाहायचे. तुला कधी सांगितलं नसेल त्यांनी. आपल्याकडचे पुरुष बायकोला काय आवडलं ते सांगत नाहीत, बैलाला सांगतात.

मग तुला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि पाहुणा आलाच नाही. त्या पौषात खळी लागली, भुसा उडाला, तू पोट सांभाळत सूप धरलंस, आणि शिट्टी नाही. बाळंत झालीस, पुढचा पौष आला, तरी नाही. तिसरी पोर हातापायानं सुटी झाली, शाळेत गेली, तिला न्हाण आलं, तोवर तो कुठे होता कोण जाणे. आणि इकडे घरात श्रेयासाठी भांडण. सासूबाई म्हणायच्या, त्यांचा नवस. भाऊजी म्हणायचे, कोजागिरीला ज्या बाबाची पूड खिरीतून दिली तिचा गुण. मी म्हणायची, खळं गावाच्या वाऱ्याखाली हलवा असं मी घसा फोडून सांगितलं आणि एकदाचं हलवलंत त्याचा. तू शांतपणे सगळ्यांचं ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "कोनाच्या सांगन्यानं आला नव्हता, कोनाच्या सांगन्यानं जाईल कायले?" हा वादही तसाच राहिला. अजूनही मला वाटतं माझंच खरं होतं.

पण ती वर्षं काय होती, बाई! तुझा आवाज तेव्हा ऐन भरात होता. या गावात रोवण्याला वेगळी गाणी होती, तू कामठ्याहून मायचं गाणं आणलंस आणि बघता बघता ते सगळ्या शिवाराचं झालं. माय म्हणायची तसं, अख्खी ओळ एका दमात:

माहेराच्या वाटंवरी बाभूर येक वो, तिच्या सावलीत बसे मायची लेक वो.

तू सूर लावलास की ओळीतल्या सगळ्या बाया तुझ्यासोबत म्हणायच्या आणि 'लेक वो'पर्यंत पोचता पोचता अर्ध्यांचा श्वास सरायचा. तुझा सरायचा नाही. तलावाच्या पाळीवरून जाणारी माणसं थांबायची. मी तुझ्या शेजारी असायची, ओळीत दुसरी. खरं सांगते, तेव्हा मला तुझा थोडा हेवा वाटायचा. माझा आवाज बरा होता, पण माझ्यासाठी पाळीवर कोणी थांबलं नसतं.

तो परत आला तुझ्या चाळिशीनंतर. विटाळ जायला लागला आणि तो यायला लागला, एक बाहेर पडला त्याच दारानं दुसरा आत शिरला म्हण. या वेळी तो खळ्यावरून आला नाही. पौष नव्हता, भुसा नव्हता. तू चुलीपाशी भाजीला फोडणी देत होतीस. आम्ही म्हटलं, होळीपर्यंत जाईल. होळी गेली, आखाजी गेली, पाऊस लागला. तो गेला नाही. आधी त्याला यायला कारण लागायचं, आता काहीही चालायचं: ओलं सरपण, थंड वारा, पोरांशी भांडण, जोरात हसणं. सर्वात वाईट हसणंच. मी काही बोलले की तू हात वर करून मला थांबवायचीस, "नोको वो, हसवू नोको." मग मी तुझ्यासमोर विनोद करायचे सोडले. इतकं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

आणि मधल्या दिवसांतही तू पूर्वीसारखी पुरती बरी होत नव्हतीस. जोर ओसरला तरी काहीतरी मागे उरायचं. पाळ चढताना अर्ध्यावर उभी राहायचीस, जणू तलावात पाणी किती आलं ते पाहायला. मला कळायचं की पाणी कोणी पाहत नाही. शेजारणींनी विचारलं, "पाहुना गेला का?" तू म्हणालीस, "पाहुना कायचा, घरजावई झाला. जेवते, झोपते, अना उठाचं नाव घेत नाही." सगळ्या हसल्या. तू नाही हसलीस, तुला परवडत नव्हतं.

आपण तिरोड्याहून गाडीत बसून गोंदियाच्या डॉक्टरकडे गेलो ते त्याच दिवसांतलं. त्यानं तुझ्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मी विचारलं की तरुणपणी येऊन जाणारा दमा आता जात का नाही. तो म्हणाला, "उमर के साथ बीमारी भी अपनी चाल बदलती है, बहनजी. बरसों की सूजन से नली अब पूरी खुलती नहीं. और एक बात याद रखो. सीटी सुनाई दे तो समझो हवा चल रही है. सीटी बंद हो जाए और दम फिर भी न आए, तब दौड़ो." त्यानं दंडात सुई दिली आणि तू तिथेच, बाकावर बसल्या बसल्या, तरुण झालीस. गोळ्याही दिल्या. त्यांनी छाती सुटायची पण काळीज धडधडायचं, हात कापायचे, तुझ्या हातून भाकर थापली जायची नाही. लढाईच्या दिवसांत त्याही मिळेनाशा झाल्या. डॉक्टर हवापालट कर म्हणाला तर तू मला मराठीत म्हणालीस, "याले सांग, हवा आत जाईल तवा पालटन ना!" त्याला मी ते सांगितलं नाही.

परतताना गाडीत मी म्हटलं, आता रोवण्याला जायचं नाही. तू म्हणालीस, "मंग का करू? धुऱ्यावर बसून गानं म्हनू? पाय चिखलात नसले त गानं येत नाही मले." मी पुष्कळ बोलले. तू खिडकीबाहेर पाहत राहिलीस. श्रावणात पदर खोचून ओळीच्या टोकाला उभी.

त्या श्रावणातच ते झालं. तू सूर लावलास, 'माहेराच्या वाटंवरी बाभूर', आणि तिथे तुझा श्वास संपला. हात गुडघ्यांवर टेकलेस, खांदे वर चढले. सगळ्यांच्या तोंडातलं गाणं तिथेच अडकलं. मी शेजारी होते. काय करावं सुचेना, म्हणून वाट पाहिली, आणि तुझा श्वास वर येताना दिसला तसं 'येक वो' मी उचललं आणि ओळ पुरी केली. तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. त्या पाहण्यात राग होता की काय होतं, मला आजवर कळलेलं नाही. पुढची ओळ तू सुरू केलीस आणि पुन्हा तिथेच थांबलीस. पुन्हा मी उचलली. तेव्हापासून दर वर्षी ते तसंच. अर्धी ओळ तुझी, मग ती थांबायची जागा, मग उरलेली माझी. तुला त्या जागेत पुरेसा वेळ मिळावा म्हणून मी तुझ्याकडे तोंड करूनच वाकायची. बाकीची सगळी ओळ माझ्या पाठीशी. तुझ्या छातीवर माझे डोळे, ती वर आली की मी 'येक वो' म्हणायची. गाण्यात मला तुझा हेवा वाटायचा म्हणाले ना, तो त्या श्रावणात संपला. एका ओळीत आपण दोघी मावलो हे मला फार बरं वाटायचं.

मग नव्या सुना आल्या. तुझी सून आली, माझी आली, शेजारच्या आल्या. त्यांनी मायचं सरळ गाणं ऐकलंच नव्हतं. त्यांना वाटलं गाणं असंच, बाभळीपाशी तुटणारं. पोरी लग्न होऊन गेल्या त्यांनी ते आपापल्या सासरी नेलं. एकदा तिरोड्याच्या बाजाराहून येताना आपली बैलगाडी एका परक्या गावाच्या बांधीजवळून चालली होती. तिथे बाया रोवणा लावत होत्या आणि गाणं आलं. 'बाभूर', थांबल्या, 'येक वो'. मी टाळी वाजवली. तुझं तोंड मात्र उतरलं. घरी अंगणात गाडी सोडल्यावर म्हणालीस, "मायचं गानं नासवलं मी. पोरी माहा रोग शिकून राहिल्या."

हेच ते भांडण. तू पोरींना बसवून सांगायला लागलीस, "अवं, तो खंड गान्याचा नाही, माह्या दम्याचा हाये. सोडून द्या." त्या हो म्हणायच्या आणि बांधीत पुन्हा तसंच म्हणायच्या. मग तू मला धरलंस. "माह्या मागं तू म्हनजो. मायसारखं. येका दमात. तुह्यात दम हाये."

मी म्हटलं, "मले नाही म्हनाचं तसं."

"काऊन?"

"तुही जागा हाये ती. मी काऊन पुसू?"

"जागा का? रोग हाये तो! रोगाची का समाधी बांधतेत?"

मी म्हटलं, पाहू. तू म्हणालीस, "पाहू नाही. म्हनजो." आणि पदर खोचून उठलीस, दोन पावलं गेलीस, आणि खांबाला धरून उभी राहिलीस.

ज्येष्ठात, सगळं तापून निघालं होतं तेव्हा, ती संध्याकाळ आली. सकाळपासून शिट्टी चालू होती. दुपारनंतर ती बारीक झाली, मग ऐकू येईना. बाकीच्यांना वाटलं उतार पडला. मला डॉक्टरचं बोलणं आठवलं, मी ओरडून गाडी जुंपायला लावली. तू बाजेवर पुढे वाकून बसली होतीस, पाठ माझ्या छातीला टेकलेली. गाडी दारात आली तेव्हा तू हाताच्या पंजानं नको म्हणून सांगितलंस. मी तरी तुला उचलायला गेले. मग उचलायचं काही राहिलं नाही.

बाया समजावायला आल्या, म्हणाल्या कुंकवानं गेली, पुण्यवान. मला संताप आला. म्हटलं, तिला कुंकू पुष्कळ होतं, हवा कमी पडली. भाऊजी ओसरीच्या कोपऱ्यात होते. लोक इंग्रज जाणार, राज्य बदलणार म्हणत त्यांच्याशी काहीबाही बोलून त्यांचं मन रमवत होते. ते ऐकत होते आणि गोठ्याकडे पाहत होते.

तर आज सकाळचं सांगते. रात्री अंथरुणावर मी ठरवलं होतं की तुझं ऐकायचं. जन्मभर तुझ्याशी भांडले, एवढं एक ऐकू. तुझ्या जागेवर उभी राहिले, माझ्या जागेवर तुझी सून. पऱ्ह्याची जुडी हातात घेतली, वाकले आणि मायसारखा सूर लावला. बाई, लागला गं! 'माहेराच्या वाटंवरी बाभूर येक वो', न थांबता, तशीच पुढे, 'तिच्या सावलीत बसे मायची लेक वो', एका दमात. स्वतःचाच आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, तू जिथे असशील तिथे मान हलवत असशील.

आणि मग कळलं की 'येक वो'पासून मी एकटीच म्हणत होते.

मी मान वर करून पाहिलं. तुझ्या त्या टोकावरून सगळी ओळ दिसते, हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी तुझ्याकडे तोंड करून वाकत आले, पाठीमागे काय होतं ते कधी पाहिलं नाही. बाई, सगळ्या उभ्या होत्या. म्हाताऱ्या, पोरी, पोटुशी सून, सगळ्या. 'बाभूर' म्हणून झाल्याबरोबर सवयीनं सरळ झालेल्या. एका हातात जुडी, दुसरा हात कमरेवर, तोंड वर, डोळे मिटलेले. दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बायांना दर ओळीत मिळणारी ती एक उसंत होती. मालक ती देत नाही, सासू देत नाही. ती तू दिली होतीस. तुला वाटत होतं पोरी तुझा रोग शिकल्या.

मी तशीच पाहत राहिले, तर तुझी सून, तिला कुठे आडपडदा, कमरेवरचा हात न काढता म्हणाली, "काकी, मंग उभं कवा राहाचं?"

डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मी वाकले, पुन्हा सुरू केलं, 'माहेराच्या वाटंवरी बाभूर', आणि थांबले. माझ्यात दम पुष्कळ होता, तरी थांबले. पाणी निथळलं, पाठी सरळ झाल्याचं ऐकू आलं, कोणीतरी हुश्श केलं. त्या साऱ्यांचं झालं तेव्हा तुझ्या सुनेनं 'येक वो' उचललं.

तुझं ऐकलं नाही मी, बाई. आता रागव किती रागवायचं ते.